आकाशवाणी पुणे: केंद्राचा इतिहास आणि बदलत गेलेले कार्यक्रम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे केंद्राबद्दल बोलणं निघालं की तेच ते प्रश्न फिरून येतात. काही प्रश्न नातवंडं विचारतात, काही जुने श्रोते आठवण पडताळून पाहण्यासाठी विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. ऐकणारा कुठे बसून ऐकतो हे जेव्हा बदललं, तेव्हा तेव्हा या केंद्राचं रूप बदललं. चावडीवरचा पेटीएवढा संच, दिवाणखान्यातला व्हॉल्व्हचा रेडिओ, शेताच्या बांधावरचा ट्रान्झिस्टर आणि गाडीतलं एफएम, अशी ही वाट आहे.

पुणे केंद्र नेमकं कधी सुरू झालं?

२ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी. केंद्राचं कार्यालय आणि स्टुडिओ शिवाजीनगरला आहेत. मध्यम लहरींचा (मीडियम वेव्हचा) प्रक्षेपक, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणारं यंत्र, हडपसरला आहे. म्हणूनच सोलापूर रस्त्यावरच्या बसथांब्याचं नाव ‘आकाशवाणी’ पडलं. तिथे उतरून स्टुडिओ शोधणारे नवखे लोक आजही भेटतात. आवाज जिथे तयार होतो आणि जिथून हवेत सोडला जातो त्या दोन जागा वेगळ्या असतात, हे या थांब्यामुळे अनेकांना पहिल्यांदा कळतं.

त्याआधी पुणेकर काय ऐकत होते?

मुख्यतः मुंबई. ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खाजगी कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू केलं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता. परवाना शुल्कातून खर्च भागेना, म्हणून कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहाच केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. पुढच्याच वर्षी नागपूर केंद्र सुरू झालं. मुंबई केंद्राला मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्यांना वेळ वाटून द्यावा लागे. पुणे केंद्र आल्यावर घाटावरच्या मराठीला हक्काची जागा मिळाली. केंद्राच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी मानतो, कारण पुढे जे घडलं ते या मोकळ्या जागेमुळे घडलं.

‘आकाशवाणी’ हे नाव सुरुवातीपासून होतं का?

नाही. हा शब्द १९३० च्या दशकात म्हैसूरच्या खाजगी केंद्रासाठी वापरला गेला. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी ते केंद्र स्वतःच्या हिमतीवर चालवलं होतं. देशभरच्या सेवेने तो शब्द १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीकारला. पुण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत जुने लोक ‘रेडिओ स्टेशन’ असंच म्हणत. २०२३ पासून सर्वत्र फक्त ‘आकाशवाणी’ हेच नाव वापरायचं असं ठरलं.

निवेदक ‘पहिली सभा’, ‘दुसरी सभा’ म्हणायचे, ते काय होतं?

तेव्हा प्रसारण दिवसभर सलग नसे. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ-रात्र असे तीन तुकडे असत आणि प्रत्येकाला ‘सभा’ म्हणत. सभा संपली की केंद्र खरोखर गप्प होई आणि संचातून नुसती खरखर येई. पहाटेची सभा उघडण्याआधी वाजणारी धून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची आहे. नाझींच्या छळातून सुटका करून घेऊन ते युरोपातून मुंबईला आले आणि मुंबई केंद्रात काम करू लागले. धुनेत शिवरंजनी रागाची छाया आहे.

कोणत्या वारी, किती वाजता, काय लागणार याचा कायमचा तक्ता केंद्रात असतो. त्याला ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ म्हणतात. ‘फॉरमॅट बदलला’ असं आज आपण म्हणतो तेव्हा खरं तर हा तक्ता बदललेला असतो. जुना तक्ता घरातल्या रोजच्या कामांवर बेतलेला होता. पहाटे भक्तिगीतं, सकाळी बातम्या, दुपारी घरकाम उरकलेल्या स्त्रियांसाठी गप्पा आणि पाककृती, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी हवामान आणि बाजारभाव, रात्री शास्त्रीय संगीत किंवा श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायचं नाटक. रविवारी मुलांसाठी ‘बालोद्यान’. त्याच्याशी गोपीनाथ तळवलकरांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे.

सुरुवातीच्या काळात सिनेमाची गाणी का लागत नसत?

हे धोरण दिल्लीचं होतं. १९५२ पासून दहा वर्षं बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. ते स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि सिनेसंगीताने लोकांची रुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. तिथे डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी दर बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सादर करू लागले. पुण्यात बसून लोक श्रीलंकेचं केंद्र ऐकत होते.

केसकरांवर टीका करणं सोपं आहे. पण त्यांच्याच काळात कलाकारांच्या ऑडिशन आणि श्रेणी पक्क्या झाल्या, संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले आणि संस्थानिकांचा आश्रय गेलेल्या अनेक गायक-वादकांना नियमित बिदागी मिळू लागली. सिनेगीतांची जागा रिकामी झाली म्हणून सुगम संगीताला वाव मिळाला, हेही खरं. मराठी भावगीताचं त्यात भलं झालं.

हार्मोनियमवर खरोखर बंदी होती का?

हो. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमची साथ बंद होती. भारतीय संगीतातली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) ही पेटी दाखवू शकत नाही, असा आक्षेप होता. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये. पुण्यासारख्या गावात ही बंदी जास्तच खुपत असणार, कारण इथे नाट्यसंगीत म्हटलं की ऑर्गन आणि पेटी ओघाने आलीच. रेडिओवरच्या जुन्या मैफलींत सारंगीची साथ इतकी का ऐकू येते, त्याचं एक कारण हे आहे.

गीतरामायण पुण्यातच का घडलं?

माणसं जवळ होती आणि केंद्र नवं होतं. आकाशवाणीतले सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची मागणी केली. माडगूळकर पुण्यातच राहत. संगीत सुधीर फडके यांचं. पहिलं गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, शुक्रवारी सकाळी प्रसारित झालं. शेवटचं पुढच्या रामनवमीच्या सुमारास. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५२ गीतांची योजना ५६ वर गेली.

रेडिओच्या दृष्टीने यात काय वेगळं होतं ते पाहू. दर आठवड्याला नवं गीत आणि शनिवारी-रविवारी त्याचं पुनःप्रसारण. शुक्रवारी ज्याचं गीत हुकलं त्याला आणखी दोन संधी. प्रत्येक गीत रामायणातल्या एका पात्राच्या तोंडी, आणि ते गाणारे आवाज वेगवेगळे: स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि इतर कितीतरी. आज ज्याला मालिका म्हणतो तो बांधा इथे संगीतात आला होता, तोही दृश्याच्या आधाराशिवाय. लोक रेडिओ संचाला हार घालत, उदबत्ती लावत, असं सांगणारे अनेक जण भेटतात. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. कीर्तन जसं देवळात बसून ऐकायचं असतं तसं त्यांनी ते ऐकलं. घरातली बैठकीची खोली त्या पंधरा मिनिटांपुरती देऊळ झाली.

इतर साहित्यिकही केंद्रात काम करत होते का?

करत होते. पु. ल. देशपांडे यांच्या आकाशवाणीतल्या नोकरीचा काही काळ पुण्यात गेला. व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ होते. शेतकऱ्यांशी बोलायची भाषा पुस्तकी होऊ नये असं वाटत असेल, तर माणदेशातल्या माणसाइतका योग्य माणूस कोण मिळणार?

गावोगावी रेडिओ ऐकून चर्चा होत, तो प्रयोग काय होता?

पुणे केंद्राचं हे काम जगभरच्या प्रसारण अभ्यासकांना माहीत आहे. पुणेकरांना मात्र फारसं माहीत नाही. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

१९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ ग्रामीण श्रोता मंडळां’चा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच मराठी जिल्हे निवडले. त्यांतल्या सुमारे दीडशे गावांत मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम लागे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातले वीसेक लोक एकत्र बसून तो ऐकत आणि संपल्यावर लगेच त्यावर बोलत. प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक संयोजक असे. निघालेले प्रश्न संयोजक लिहून केंद्राकडे पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं.

विषय रोजच्या जगण्यातले: शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मूल्यमापन केलं. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने त्यात प्रमुख काम पाहिलं. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं यांची तुलना केली. फरक ठळक निघाला. नुसता संच असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांतल्या लोकांच्या माहितीत खूप जास्त भर पडली होती. ज्याला कोणी कधी विचारत नव्हतं असा माणूसही मंडळात बोलू लागल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. १९५९ मध्ये ही पद्धत देशभर नेण्यात आली.

मग ती टिकली का नाही? माझ्या मते एक मोठं कारण ट्रान्झिस्टर. साठच्या दशकात छोटा, सेलवर चालणारा संच घरोघरी पोचला आणि चावडीवर एकत्र येण्याची गरजच उरली नाही. ऐकणं सोपं झालं, पण ऐकल्यावर शेजारी बसलेल्याशी बोलणं कमी झालं. कार्यक्रमही मग मंडळाशी बोलायचे थांबले आणि एकट्या शेतकऱ्याशी बोलू लागले.

रेडिओवर जाहिराती कधीपासून?

१ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि देशात सगळ्यात आधी मुंबई, पुणे आणि नागपूर इथे, विविध भारतीवर.

सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. तिच्या मागे कवी नरेंद्र शर्मा होते. जाहिराती आल्यावर पुण्यात दोन वेगळी रूपं शेजारी शेजारी उभी राहिली. प्राथमिक वाहिनीवर भाषण, श्रुतिका, शेती, शास्त्रीय संगीत. विविध भारतीवर गाणी, हलक्या नाटिका, फौजी भाईंसाठी ‘जयमाला’ आणि प्रायोजित कार्यक्रम. घरात वडीलमंडळी एकीकडे आणि तरुण दुसरीकडे, अशी काट्यावरून ओढाताण सुरू झाली ती इथून. पुढे विविध भारती एफएमवर आली आणि पुण्यात १०१ हा आकडा तिची ओळख बनला.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या पुण्याहूनच का?

पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हे बातमीपत्र तयार करी आणि राज्यातली इतर केंद्रंही ते त्याच वेळी आपल्याकडून ऐकवीत. म्हणून रत्नागिरीतल्या किंवा सांगलीतल्या माणसालाही सुधा नरवणे यांचा आवाज घरातला वाटे. त्या आवाजावर लोक घड्याळ लावत आणि शाळेचे डबे भरत. २०२३ मध्ये हा विभाग हलवण्याचा निर्णय झाला तेव्हा पुण्यातून इतका विरोध झाला की तो थांबवावा लागला. दहा मिनिटांच्या बातमीपत्रासाठी लोक उभे राहतात, यावरून त्याचं मोल कळतं.

रेडिओसाठी परवाना लागायचा हे खरं का?

अगदी खरं. टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्यावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. जुन्या कपाटात अशी पुस्तिका सापडली तर टाकू नका.

७९२ हा आकडा कुठून आला? आणि रात्री मध्येच दुसरी केंद्रं का घुसतात?

पुण्याची प्राथमिक वाहिनी ७९२ किलोहर्ट्झवर आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवरच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात आणि ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८. मुंबईचं ५५८ आणि १०४४ घ्या, तेही नऊने भागले जातात. ही रचना १९७८ पासून लागू झाली. त्याआधीच्या संचांवर बऱ्याचदा मीटरचे आकडे असत. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब असते.

दिवसा या लहरी जमिनीलगत प्रवास करतात. वर गेलेल्या लहरी वातावरणातला एक विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात आणि लांबची केंद्रं आपल्या केंद्रावर चढतात. एफएमच्या लहरी जेमतेम तीन मीटरच्या. त्या साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंत जातात, पण आवाज स्वच्छ देतात. शहराला एफएम पुरतं. डोंगरापलीकडच्या गावाला मध्यम लहरच लागते, आणि शेतीचे कार्यक्रम तिच्यावर राहिले त्यामागे हेही कारण आहे.

खाजगी एफएम आल्यावर काय बदललं?

१९९३ मध्ये मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत आकाशवाणीच्या एफएमवर खाजगी कंपन्यांना वेळ विकण्यात आली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खाजगी केंद्र सुरू झालं आणि पाठोपाठ ते वारं पुण्यातही आलं.

खाजगी केंद्रांवर सगळीकडे सारखीच गाणी का, असा प्रश्न नेहमी येतो. पैशाचं गणित पाहिलं की उलगडा होतो. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क ठरीव होतं आणि दरवर्षी वाढत जाई. कमाई होवो न होवो, भरणा चुकत नसे. २००५ च्या धोरणाने ते उत्पन्नाच्या ४ टक्क्यांशी जोडलं, पण परवान्यासाठी लावलेल्या बोलीची रक्कम आधी भरावी लागेच. शिवाय स्वतःच्या बातम्या देण्याची खाजगी केंद्रांना परवानगी नाही. बातम्या नाहीत आणि जोखीम परवडत नाही, मग उरतात लोकप्रिय गाणी, गप्पा आणि रहदारीची खबर. निवेदक बोलायला बसला तेव्हा श्रोता गाडीत होता, हेही ऐकताना कळतं. वाक्यं छोटी झाली आणि कार्यक्रम कुठूनही ऐकायला घेता येईल असा झाला.

आकाशवाणीनेही वेग उचलला. फोनवरून थेट फर्माईश, थेट मुलाखती आल्या. काही बदल चांगले होते. लांब श्रुतिका आणि अर्ध्या तासाची भाषणं मागे पडली याची मात्र मला मनापासून हळहळ वाटते. शांतपणे अर्धा तास एकाच विषयावर बोलणारा आवाज मराठीत फार ठिकाणी उरलेला नाही.

पुण्यात सामुदायिक रेडिओ आहे का?

आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर आहे. शैक्षणिक संस्थांना अशी परवानगी देण्याचं धोरण २००२ मध्ये ठरलं आणि २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाली. प्रक्षेपकाची ताकद थोडी, टप्पा काही किलोमीटरचा. बोलणारी माणसं मात्र त्याच गावची. १९५६ च्या मंडळांतला संवाद मला इथे पुन्हा ऐकू येतो.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतील का?

काही मिळतात. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या संग्रहातून निवडक मुद्रणं प्रकाशित झाली आहेत. सगळं मात्र मिळणार नाही. पुष्कळ कार्यक्रम थेट होत आणि हवेत विरत. फिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. तुमच्या घरी रेडिओवरून केलेली जुनी कॅसेट असेल, तर तिच्यावर तारीख आणि कार्यक्रमाचं नाव लिहून आधी डिजिटल प्रत करून घ्या. बुरशी लागलेली कॅसेट तशीच लावू नका, जाणकाराला दाखवा.

घरातल्या जुन्या संचावर पुणे केंद्र लागत नाही, नुसती खरखर येते. काय करू?

बहुतेक वेळा दोष संचाचा नसतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मध्यम लहरींत गोंगाट करतात. ते बंद करा किंवा संच खिडकीपाशी न्या आणि सेलवर चालवा. संचाच्या आत एक काळी फेराइटची कांडी असते, बहुधा आडवी बसवलेली. तिचं टोक प्रक्षेपकाकडे असेल तर आवाज सर्वांत क्षीण येतो, कांडीची लांब बाजू तिकडे असेल तर सर्वांत स्पष्ट. म्हणून काटा ७९२ वर ठेवून संच हळूहळू फिरवा. हडपसर तुमच्या घरापासून कोणत्या दिशेला आहे ते ठाऊक असेल तर दोनतीन प्रयत्नांत जमतं. एवढं करूनही नाही लागलं तर फोनवर ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप घ्या, त्यावर आकाशवाणीच्या वाहिन्या ऐकायला मिळतात.